चौथ्या पानावरची ओळ

अधिवेशन आलं की नागपूरच्या सरकारी ऑफिसांच्या अंगात येतं. अकरा महिने ज्या फायली उशाला घेऊन माणसं पेंगतात, त्याच फायली डिसेंबरात जिन्यावरून धावायला लागतात. मुंबईचे साहेब येतात, भिंतींना चुना लागतो, मोडक्या खुर्च्या मागच्या खोलीत जातात, आणि एरवी पान लावून साडेअकराला उगवणारे बाबू दहाच्या ठोक्याला जागेवर दिसतात. प्रमोदिनीबाईंना या दिवसांचा मनापासून राग होता. पण राग येतो असं त्या म्हणत नसत. मला गोंधळ आवडत नाही, असं म्हणत.

प्रमोदिनीबाई अशाच एका ऑफिसात सीनियर टायपिस्ट होत्या. महालात घर, आजोबांपासून घरात कारकुनी, वय पंचेचाळीस, लग्नाचं राहूनच गेलेलं, त्यामुळे भावाकडे बिऱ्हाड. सतरा वर्षांत त्यांनी टाइप केलेल्या कागदाला कोणी लाल पेन्सिल लावली नव्हती. सकाळी आल्या की आधी फडक्यानं मशीन पुसायचं, टाचणीनं अक्षरांच्या पोटातली शाई कोरून काढायची, मग कागद लावायचा. त्यांची टकटक इतकी एकसारखी चाले की हेडक्लार्क मार्तंडराव, ज्यांना सगळं ऑफिस बडे बाबू म्हणे, त्या आवाजावर दुपारची डुलकी काढत.

पण एक गोष्ट बाईंनी सोळा वर्षं झाकून ठेवली होती. घाईत त्यांचे हात चालत नसत. कोणी पाठीशी उभं राहून "झालं का?" म्हटलं की बोटं गार पडत, मशीनच्या दोन दोन काड्या एकदम उठून एकमेकींत अडकत आणि डोक्यात नको ती माणसं गर्दी करत. वारलेले वडील येत, 'वन्सं, तुमच्यानं नाही व्हायचं' म्हणणारी भावजय येई, आणि कागदावर काय उतरायचं तेवढंच येत नसे. यावर त्यांनी एक उपाय काढला होता. घाईची वेळच येऊ द्यायची नाही. अधिवेशनात त्या आठला येऊन बसत, साहेबांच्या मागे लागून उत्तरांचे मसुदे आदल्या दिवशीच काढून घेत. लोक म्हणत, बाई किती तत्पर आहेत. बाईंना पक्कं ठाऊक होतं की ही तत्परता नव्हे, भीती आहे.

हे झाकण उडालं सत्त्याहत्तरच्या अधिवेशनात. एक अल्पसूचना प्रश्न आला. अशा प्रश्नाला तयारीची सवडच नसते. सकाळी मसुदा हातात पडतो आणि दुपारी बाराला सभागृहात उत्तर लागतं. बाईंनी तीन स्टेन्सिल, म्हणजे प्रती काढायचे मेणकागद, फाडले. चौथा लावताना हात इतके थरथरले की बडे बाबूंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "बाई, तुम्ही उठा जरा. मनकर्णाले बसू द्या."

मनकर्णाला तेव्हा लागून सहाच महिने झाले होते. छप्पन सालची, दीक्षेच्या वर्षी जन्मलेली, नाव आजीचं ठेवलेलं. वडील मिलमध्ये, घर इंदोऱ्याला, तिथून सायकल हाणत यायची. एरवी तिचं काम बघवत नसे. समास वाकडा, शब्दाला शब्द चिकटलेला, एक हात मशीनवर आणि दुसऱ्या हातात संत्र्याची फोड. प्रमोदिनीबाई तिची रोज दोन पानं तरी परत करत, आणि ती "हो ताई" म्हणून हसत पुन्हा चुकीची करून आणी. त्या दिवशी मात्र ती बसली, घड्याळाकडे एकदा पाहिलं आणि तिचा चेहराच पालटला. पापणीसुद्धा लवेना. तासाभराचं काम तिनं पस्तीस मिनिटांत काढलं आणि त्यात एक काना-मात्रा इकडची तिकडे झाली नाही. मध्येच छताच्या गिलाव्याचा ढलपा शेजारच्या टेबलावर धाडकन पडला. सगळं ऑफिस उडालं, ती जागची हलली नाही. काम संपल्यावर केसातला चुना झटकत तिनं विचारलं, "हे कवा पडलं?"

त्यावर बडे बाबूंनी जे ज्ञान पाजळलं, ते बाईंच्या काळजात रुतून बसलं. "असं असते पहा. टाइम कमी पडला का काही लोकांच्या डोक्याची नळी होते. जे पाहिजे तेच अंदर जाते, बाकी सब बाहेर. आणि काहींच्या डोक्याची चाळणी होते." चाळणी कोणाची होते हे त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांनी मात्र खाली बघितलं.

मत्सर हा शब्द बाईंना पुस्तकी वाटे. त्यांच्या पोटात दुखत होतं, साधं आणि सरळ. बढती हातची गेली असती तर त्या भांडल्या असत्या. कौतुक हुकलं असतं तर दोन दिवस अबोला धरून मोकळ्या झाल्या असत्या. पण त्यांना हवी होती ती त्या मुलीच्या डोक्यातली शांतता. सतरा वर्षं मशीन पुसलं आपण, टाचणीनं अक्षरं कोरली आपण, आणि ती शांतता मिळावी या वेंधळीला, जिला कागद सरळ लावता येत नाही? हे त्यांच्या डोळ्यात वर्षभर खुपत राहिलं. मनकर्णा हसली तरी त्यांना राग येई आणि चुकली तर बरं वाटे. ती चुके रोजच, त्यामुळे वर्ष तसं बरं गेलं.

मग अठ्ठ्याहत्तरचा डिसेंबर उजाडला आणि एका सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बडे बाबू हातात कागद फडफडवत आले. पारशिवनीजवळच्या एका गावच्या विहिरीवर अल्पसूचना प्रश्न लागला होता. विहीर दोन वर्षं अर्धवट पडली आहे हे खरं का, असल्यास विलंब का आणि काम कधी पूर्ण होणार, नसल्यास वस्तुस्थिती काय, असं एका आमदारानं विचारलं होतं. उत्तर पाच पानांचं, प्रती चाळीस, आणि साडेअकराला जीप निघणार.

बाईंचा हात सवयीनं पुढे झाला. कागद त्यांच्याच हातात पडले, पण बडे बाबू म्हणाले, "तुम्ही फक्त वाचून द्या, बाई. साहेबांचं अक्षर तुमच्याशिवाय कोणाच्या बापाले लागत नाही. टाइप मनकर्णा करून राहिली."

साहेबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग कोणी चपलेनं पुसावी तसं होतं. सतरा वर्षांत बाईंना ते तोंडपाठ झालं होतं, आणि आज त्या कष्टाचं फळ असं मिळत होतं. त्या खुर्ची ओढून मनकर्णाच्या डाव्या बाजूला बसल्या. मनकर्णानं रिबन बंद केली, मेणाचा स्टेन्सिल लावला आणि घड्याळाकडे एकदा पाहिलं.

"सांगा ताई," ती म्हणाली. त्यानंतर ती तिथे नव्हती.

बाई वाचत गेल्या आणि ती मारत गेली. बाईंनी वेग वाढवला, तिनंही वाढवला. बाई एकदा मुद्दाम अडखळल्या. तिची बोटं हवेत थांबली आणि पुढचा शब्द येताच खाली आली. कागदात काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. विहीर असो, खडक असो, कानातून आलं की बोटातून बाहेर. इतक्या जवळून बाईंनी हे कधी पाहिलं नव्हतं. त्या पोरीच्या कपाळावर एक आठी नव्हती. बाईंच्या नुसतं वाचतानाही तळव्यांना घाम सुटला होता, वडील येऊन बसले होते, भावजय दारात उभी होती.

चौथ्या पानाच्या मध्यावर बाईंचं पोट असं काही दुखलं की मनातलं ओठावर आलं. "खडक लागल्यामुळे विलंब झाला," त्यांनी वाचलं आणि त्याच सुरात पुटपुटल्या, "माझे हात देवानं हिला दिले." खरं सांगायचं तर हे आपसूक आलं नाही. थोडं मुद्दामच आलं. ऐकून हिनं दचकावं, एक काडी अडकावी, एवढीच इच्छा होती. पण मनकर्णा दचकली नाही. काड्या उठत पडत राहिल्या, टकटक तशीच चालली. बाईंना स्वतःचीच लाज वाटली, कागदावरची जागा चुकली, ती घाईनं शोधून त्यांनी पुढचं वाचायला घेतलं, "तीन. प्रश्न उद्भवत नाही."

दहा अठ्ठावन्नला पाचवं पान संपलं. काम संपलं की मनकर्णाचं एक व्हायचं. इतका वेळ दगडासारखे असलेले हात लटपटायला लागत आणि तिला पाण्याचा ग्लाससुद्धा धरवत नसे. ती मागच्या व्हरांड्यात उन्हाला जाऊन बसली. नत्थू शिपायानं सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायला घेतलं. त्या ऑफिसचा रिवाज असा की ड्रमवरून निघालेलं प्रत्येक पहिलं पान टायपिस्टच्या हाती जायचं. नत्थूनं तशी पाचही पानं व्हरांड्यात नेऊन दिली आणि परत येऊन तो हँडलला लागला. बडे बाबू साहेबांच्या खोलीत जाऊन बसले.

बाईंकडे पानं लावून टाचायचं काम आलं. अकरा वाजून तेरा मिनिटांनी त्यांनी चौथं पान उचललं आणि सवयीनं नजर फिरवली.

'खोदकामात कठीण खडक लागल्यामुळे विलंब झाला. माझे हात देवाने हिला दिले. (३) प्रश्न उद्भवत नाही.'

देवानं या शब्दाचं त्या शहाण्या बोटांनी देवाने करून घेतलं होतं. सरकारी कागद ना.

बाईंनी ते तीनदा वाचलं. खाली कोपऱ्यात टायपिस्टची आद्याक्षरं होती, मनकर्णाची. आणि इथे खोटं बोलण्यात अर्थ नाही. पहिल्या क्षणी त्यांना बरं वाटलं. मंत्री उभे राहतील, हे वाचतील, सभागृह हसेल आणि संध्याकाळपर्यंत या पोरीची नळी कायमची बंद होईल. दुसऱ्या क्षणी त्यांना त्या आद्याक्षरांच्या शेजारची आद्याक्षरं दिसली. वाचणाऱ्याची. माझे हात म्हणजे कोणाचे, हे या ऑफिसात कोणाला समजावून सांगावं लागणार नव्हतं. वर्षभर पोटात ठेवलेलं त्यांचं दुखणं चाळीस प्रतींत छापून तयार होतं आणि सतरा मिनिटांनी ते जीपमध्ये बसून विधानभवनात जाणार होतं.

मसुदा ओढून पाहिला तर आणखी एक घोळ. पुटपुटण्याच्या नादात त्यांनी साहेबांचं एक वाक्य गाळलं होतं. 'काम मार्चअखेर पूर्ण होईल.' आमदारानं विचारलं होतं तेच नेमकं.

आता बोटं गार पडणार, आता वडील येणार, म्हणून त्या क्षणभर थांबल्या. कोणी आलं नाही.

"नत्थू, चौथ्याचा स्टेन्सिल उतरव."

"काहून बाई? हे तर झालं ना."

"शाई फिकट आली आहे. उतरव."

त्यांनी शाईनं बरबटलेला स्टेन्सिल जुन्या वर्तमानपत्रावर दाबून टिपला. चूक बुजवायच्या लाल औषधाची बाटली उघडली आणि बारक्या ब्रशानं त्या ओळीवरून एकदाच हात फिरवला. दोनदा फिरवला तर मेण सुटतं. फुंकर घालता घालता जागा मोजली. गाळलेलं वाक्य त्या पोकळीत जवळजवळ बरोबर बसत होतं, एका अक्षराची जागा उरत होती. ती पूर्णविरामाआधी जिरवता येईल. स्टेन्सिल मशीनवर चढवला, वरच्या ओळीच्या शिरोरेषेशी नजर लावली, रूळ केसभर मागे घेतला. मग एकेक अक्षर मारलं. का. म. मार्च. खोलीत त्या होत्या, ती ओळ होती आणि दुसरं काही नव्हतं. घड्याळही दिसत नव्हतं, आणि तरी किती वाजले ते त्यांना कळत होतं.

"फिरव," त्या म्हणाल्या. नत्थूनं चाळीस प्रती पुन्हा काढल्या. बाईंनी त्या टाचल्या, जुनी चौथी पानं ओढून घेतली आणि बडे बाबू दारात आले तेव्हा गठ्ठा टेबलावर सरळ रचून ठेवला होता. साडेअकराला दोन मिनिटं कमी होती.

जीप गेली. बाईंनी खाली पाहिलं. डाव्या मांडीवर लुगडं ओलं झालं होतं आणि खाली कातडी चांगलीच हुळहुळत होती. मशीनशेजारी चहाचा कप आडवा पडला होता.

"हा चहा केव्हा सांडला, नत्थू?"

"तुम्ही मशीनवर बसल्या तवाच, बाई. मी म्हटलं भाजलं का. तुम्ही पाहिलं बी नाही."

त्यांना हसू आलं आणि रडूही. जन्मात पहिल्यांदा त्या तिथे जाऊन आल्या होत्या जिथे ती पोर दर अधिवेशनात जाते. कोणाला तरी हाताला धरून सांगावं असं वाटलं. पण सांगायचं काय? काय दुरुस्त केलं हे सांगितलं की काय लिहिलं होतं हे आलंच. तेवढ्यात बडे बाबू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाहिलं का? याले म्हणतात नळी. मनकर्णाने आज बी लाज राखली. नत्थू, तिच्यासाठी मिठाई आण गा." बाईंच्या आयुष्यातली सर्वांत चांगली पंधरा मिनिटं दुसरीच्या नावावर लागली आणि त्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या.

पाठकोरे कागद चौकोनी फाडून कच्च्या कामाला वापरायची तिथे पद्धत होती, म्हणून बाईंनी जुनी पानं आधी नत्थूच्या चहाच्या शेगडीत घालायला नेली. घालता घालता मोजली. एकोणचाळीस भरली. पुन्हा मोजायला उरलं काही नव्हतं, कारण तोवर ती जळाली होती. चाळिसावं कुठे असणार हे त्यांना लगेच आठवलं, आणि वाट्याची मिठाई त्यांनी तशीच कागदात बांधून ठेवली. मनकर्णा समोरच्या टेबलाशी बसून नेहमीसारखं वाकडंतिकडं टाइप करत होती. दुपारभर तिनं मान वर केली नाही. आता ही काय करणार? बडे बाबूंना दाखवणार, मैत्रिणींत हसणार, की आपण हिची पानं जशी परत करत आलो तशी एक दिवस हे पान आपल्यापुढे टाकणार? आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते बाईंना फार स्पष्ट दिसत होतं.

साडेपाचला ऑफिस सुटलं. सायकल स्टँडपाशी मनकर्णा त्यांची वाट बघत थांबली होती. तिनं ब्लाउजमधून कागदाची घडी काढून त्यांच्या हातात दिली.

"ताई, हे एक माह्याजवळ राहिलं होतं."

"वाचलंस?"

"हो. टाइप करतानी मले काही समजत नाही जी, काय लिहून राहिली ते. नंतर उन्हात बसून वाचलं तवा समजलं. तशीच धावत आली तुम्हाले सांगाले."

"मग आली नाहीस ती."

"आली होती ना. दारातच उभी होती." मनकर्णा सायकलच्या घंटीवर बोट फिरवत राहिली. "तुमचे हात चालून राहिले होते, ताई. असे चालून राहिले होते का मले बी तसे जमत नाही. अशा टायमाले मधात कोणी बोललं का तुटते, मले माहीत आहे. म्हणून मी बोलली नाही."

तिनं पॅडलवर पाय दिला आणि ती इंदोऱ्याच्या रस्त्याला लागली. वळणावर तिनं मागे वळून नेहमीसारखं हसून पाहिलं.

प्रमोदिनीबाई हातातली घडी चुरगळत उभ्या राहिल्या. सकाळी तिचे हात चालत असताना त्या मध्ये बोलल्या होत्या, मुद्दाम. तिनं दारात उभं राहून तोंड मिटून घेतलं होतं, आपली नोकरी त्या ओळीत अडकलेली असताना. हात काय, पंधरा मिनिटांपुरते का होईना, आज त्यांनाही मिळाले होते. पण असं गप्प राहणं त्यांना कधी जमलं असतं, असं काही केल्या वाटेना. पोटात पुन्हा दुखायला लागलं, आणि सकाळपेक्षा जास्त दुखत होतं.